ओल्या वाळूनं खाल्लेली रिम

फोन आला तेव्हा मी पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून भोक शोधत होतो. ओमानमधल्या सहम गावच्या माझ्या दुकानात फोन क्वचितच वाजतो आणि वाजला तर पलीकडून अरबी नाहीतर मल्याळी बोलणं ऐकू येतं. त्या दिवशी एका मुलीचा आवाज मराठीत आला, शब्द शोधत, अडखळत. "इब्राहिम अंकल का? मी स्नेहा... प्रभाकर तायडेंची मुलगी. बाबा गेले. लास्ट वीक. हार्ट अटॅक." मी म्हटलं, "बरं." एवढंच म्हटलं. कुणाचीही मौत कळली की आमच्या तोंडून जे शब्द आपसूक निघतात, तेसुद्धा त्या दिवशी निघाले नाहीत. हातातली ट्यूब पाण्यात तशीच दाबून धरली होती.

मस्कतच्या मराठी लोकांची एक पत्रिका निघते, तिच्यात तायडेसाहेबांवर चार पानं येणार होती. ऑफिसातल्या मित्रांनी लिहिलं, शेजाऱ्यांनी लिहिलं. "तुम्ही पण लिहा ना," ती म्हणाली, "बाबा तुमचं नाव घ्यायचे." मी विचारलं, "काय म्हणून घ्यायचे?" ती म्हणाली, "ते म्हणायचे, हमरियात एक माणूस होता, त्याच्याशी माझं भांडण आहे. भांडण 'होतं' नाही म्हणायचे, अंकल. 'आहे' म्हणायचे." मी म्हटलं, "मग मी चांगलं लिहीन असं तुला कशावरून वाटतं?" तर म्हणाली, "चांगलं सगळ्यांनी लिहिलंय." पोरगी बापावर गेली आहे. म्हणून लिहितोय. आज दीड महिना झाला त्या फोनला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मलाही शिकवलेलं आहे, पण तायडेसाहेबांबद्दल खोटं लिहिलेलं त्यांना स्वतःलाच चाललं नसतं.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला, खाडीकाठच्या गावातला. नव्वदीच्या सुरुवातीला मस्कतला आलो आणि रुवीला लागून असलेल्या हमरियात सायकलीचं दुकान चालवायला घेतलं. दुकान नावानं अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं. तो सहमला राहायचा, महिन्यातून एकदा येऊन चहा पिऊन जायचा. बाकी सगळं मी. त्या गल्लीत तेव्हा न्हावी, शिंपी, मसाल्याची दुकानं, एक बेकरी आणि मी. सायकली कुणाच्या? बेकरीच्या पोरांच्या, लाँड्रीवाल्यांच्या, भाजी पोचवणाऱ्यांच्या. साहेब लोक गाडीतून फिरायचे. त्यामुळे एका शुक्रवारी गाडीच्या टपावर सायकल बांधून एक चष्मेवाला साहेब दुकानासमोर उतरला तेव्हा गल्लीतली माणसं बघायला उभी राहिली.

तायडेसाहेब मूळचे भुसावळचे. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात इंजिनिअर होते, आणि त्यांचं कामच गंजाचं. कुठला पाइप किती खाल्ला गेला, कुठला पंप कधी जाणार, हे मोजायचं. राहायला अझैब्याला, समुद्रापासून चार पावलांवर. दर शुक्रवारी सकाळी किनाऱ्यानं सायकल मारायचे. आणि हिवाळ्यात पाऊस पडून वादी, म्हणजे एरवी कोरडा असलेला ओढा, वाहायला लागली, की लोक चिखलाच्या भीतीनं घरात बसायचे तेव्हा हा माणूस मुद्दाम बाहेर पडायचा. इथं पाऊस वर्षातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच दिवस पडतो. पण वर्षभराची धूळ, तेल, वाळू, किनाऱ्यावरचं मीठ, सगळं त्याची वाट बघत रस्त्यावर पडलेलं असतं. पहिल्या सरीत त्याचा राखाडी चिखल होतो आणि तो चेनीच्या कडीकडीत शिरतो. वर ऊन पडलं की पाणी उडून जातं, वाळू आणि मीठ आत राहतं. मग प्रत्येक पॅडलला ती चेन स्वतःलाच घासत राहते.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तायडेसाहेबांची सांगण्याची पद्धत अशी होती की माहीत असलेली गोष्टही ऐकवत नसे. खिशातून स्टीलची पट्टी काढायचे, चेनीला लावायचे आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "इब्राहिमभाई, ही चेन तुम्ही मला मागच्या हिवाळ्यात दिली होती. बघा किती ताणलीय. आता ही मागच्या चाकाचे दातेही खाणार. तुम्ही वंगण कोणतं लावलं होतं?" मी म्हणायचो, "साहेब, तुम्ही वादीतून सायकल नेता आणि धुवत नाही." ते म्हणायचे, "मी धुतो. पुसतो. तेल लावतो. लिहूनही ठेवतो." आणि खरंच लिहून ठेवायचे. चीड यायची. माझे वडील गावी सायकलीच दुरुस्त करायचे, मी सातव्या वर्षापासून चाकाचे आरे कसतोय, आणि हा माणूस पट्टी लावून मला परीक्षेला बसवणार! तरी चार वर्षं आमचं असं कुरकुरत चाललं होतं. ते यायचे, मी करून द्यायचो. माझ्यासारखं चाक सरळ करणारा मस्कतमध्ये दुसरा नाही, हेही त्यांनीच एकदा कुणालातरी सांगितल्याचं माझ्या कानावर आलं होतं. मला तोंडावर कधी म्हणाले नाहीत.

मग बेकरीचं काम मला मिळालं. सहा सायकली, पाव आणि खबूस, म्हणजे अरबी रोट्या, पोचवायच्या, पुढं मागं मोठे क्रेट. जुन्या लोखंडी रिमा गंजून गेल्या होत्या आणि पावसात त्यांना ब्रेक लागत नसे. मी सहाही सायकलींना ॲल्युमिनियमच्या रिमा बसवल्या. चकचकीत, हलक्या. बेकरीच्या मालकाला सांगितलं, गंजायचं नाव नाही, दहा वर्षं बघायला नको. ते मी मनापासून सांगितलं होतं. त्या सायकलींतली एक कुंजू चालवायचा. केरळचा माणूस, चाळिशीचा, तीन मुलींचा बाप, अख्ख्या हमरियाला नावानं ओळखणारा. सकाळी दुकानापुढून जाताना घंटी न वाजवता तोंडानंच "ट्रिंग ट्रिंग" करायचा, कारण घंटी बिघडलेली होती आणि मी ती करून देतो देतो म्हणत होतो.

दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी तायडेसाहेब आले. दुकानात त्या वेळी पाच-सहा माणसं होती, बेकरीचा मुकादमही होता. त्यांनी स्वतःची सायकल बाजूला ठेवली आणि कुंजू दाराशी ठेवून गेला होता त्या सायकलीपाशी वाकले. रिमच्या कडेवरून नख फिरवलं. "इब्राहिमभाई, ही बाजू आत गेलीय. पन्हाळीसारखी झालीय. ब्रेकच्या रबरात वाळू रुतलीय बघा, ओल्यात ती रिमला कानशीसारखी घासतेय. एवढं वजन लादून ही फुटेल." मी म्हटलं, "ॲल्युमिनियम आहे साहेब, गंजत नाही." ते हसले. त्यांचं ते हसणं मी आजही विसरलो नाही. "गंजत नाही म्हणजे झिजत नाही असं नाही. हे शाळेतल्या पोरालाही कळतं." मुकादम माझ्याकडे बघायला लागला. गिऱ्हाईक हातचं जातंय असं मला वाटलं, कानशिलं तापली, आणि मी जे बोललो ते आज पहिल्यांदा लिहितोय. मी म्हणालो, "शाळेचं तुम्ही नका सांगू साहेब. कोट्यातले इंजिनिअर कसे पास होतात, ते आम्हाला माहीत आहे."

दुकानात मराठी कळणारे आम्ही दोघंच नव्हतो. शेजारचा शिंपी साताऱ्याचा होता, तो खाली मान घालून बाहेर गेला. तायडेसाहेबांच्या घरी मी एकदा चाक पोचवायला गेलो होतो. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि त्यांच्या आईनं मला बसवून जेवू घातलं होतं. तरी मी हे बोललो. आम्ही मुसलमान, गावात आम्हालाही काय काय ऐकावं लागतं, तरी बोललो... दुसऱ्याचं दुखरं बोट कुठलं ते आपल्याला बरोबर माहीत असतं.  तायडेसाहेब सरळ झाले, रुमालानं हात पुसला. "तुमच्या दुकानात मी पुन्हा पाय ठेवणार नाही," असं म्हणाले आणि सायकल घेऊन गेले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

ती रिम मी बदलली नाही. बदलली असती तर ते बरोबर होते असं झालं असतं. माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं. नव्या रिमा दुकानात खुंटीला टांगलेल्या होत्या.

तीन आठवड्यांनी रात्रभर पाऊस झाला. सकाळी आभाळ उघडलं, रस्ते ओले, कडेनं वाळूचे थर. कुंजू दोन क्रेट भरून निघाला. हमरियाच्या मागच्या उतारावर त्यानं ब्रेक दाबला आणि पुढच्या चाकाची रिम कडेनं फाटली. फाटलेला पत्रा ब्रेकमध्ये अडकला, चाक जागच्या जागी थांबलं आणि कुंजू हँडलवरून पुढं फेकला गेला. मी धावत पोचलो तेव्हा पाव सगळीकडे विखुरले होते, पाण्यात भिजत होते, आणि तो रस्त्याच्या कडेला बसून आपल्याच पायाकडे परक्याच्या पायाकडे बघावं तसं बघत होता. पाय दोन ठिकाणी मोडला होता, गुडघ्याची वाटी गेली होती. दवाखान्यात त्यानं मला विचारलं, "भाई, आपको मालूम नहीं था?" मी म्हटलं, "नहीं कुंजू, किसी ने बताया ही नहीं, कसम से." कसम से म्हटलं मी. दोन महिन्यांनी तो गावी गेला, कुबडी घेऊन. परत आला नाही.

बेकरीच्या मालकानं उरलेल्या पाच सायकली तपासायला तायडेसाहेबांना बोलावलं. त्यांनी दोन पानांचा अहवाल लिहिला. प्रत्येक रिम किती झिजली, कुठं तडा आहे, ओल्या दिवसांत अशी सायकल कितीदा तपासायला हवी होती, आणि शेवटी एक ओळ: दुकानदाराला आधी तोंडी सूचना देण्यात आली होती. तो कागद बेकरीतून लाँड्रीत गेला, लाँड्रीतून भाजीवाल्यांकडे. दवाखान्यातल्या कुंजूपर्यंत मात्र तो पोचला नाही. महिन्याभरात माझ्या दुकानात पंक्चरलाही कुणी येईना. अर्बाब आला, नेहमीसारखा चहा प्यायला, आणि म्हणाला, "इब्राहिम, हमरिया खलास. यल्ला, सहम चलो." त्याच्या शेताजवळ त्याचा एक गाळा रिकामा होता. शेतावरच्या मजुरांच्या सायकली दुरुस्त करायच्या. मी गेलो. हमरियातली आठ वर्षं एका पिकअपच्या पाठीमागे मावली, वर जागाही उरली.

त्या माणसाचा मी किती द्वेष केला ते सांगता येणार नाही. पावसाच्या दिवसांत जास्त. सहमला मीठ आणि ओल मस्कतपेक्षा वाईट. मजुरांच्या सायकली चिखलानं भरून यायच्या, दाते टोकदार झालेले, बेअरिंगचे छर्रे गंजून एकमेकांना चिकटलेले, आणि प्रत्येक गंजलेल्या भागात मला तो चष्मा दिसायचा. मनातल्या मनात मी त्यांना उत्तरं द्यायचो. उत्तरं चांगली असायची, पण रिम खरोखरच झिजलेली होती. बायकोला गावी फोनवर सांगायचो तर ती म्हणायची, "तुमी दुसरा कायतरी बोला आता."

पाच-सहा वर्षांनी, हिवाळ्यातच, एक गाडी दुकानासमोर थांबली. तायडेसाहेब उतरले. केस पांढरे झाले होते. गाडीच्या टपावर सायकल नव्हती. मी बसलेला उठलो नाही. त्यांनी स्वतःच स्टूल ओढलं.

"चहा सांगणार नसाल तर नका सांगू," ते म्हणाले. "माझं एक काम आहे, ते सांगून जातो. कुंजू पडला त्या दिवशी सकाळी मी बेकरीत पाव घ्यायला आलो होतो."

मी हातातल्या पान्यानं समोरचा नट आवळत राहिलो.

"सायकल बाहेर लावलेली होती. पुढच्या रिमला तडा गेलेला होता, ब्रेकच्या खालीच. स्पष्ट दिसत होता. कुंजू क्रेट बांधत होता. मला म्हणाला, गुड मॉर्निंग साहेब. मी म्हटलं, गुड मॉर्निंग. आणि गाडीत बसून निघून गेलो."

"तडा दिसला तुम्हाला?"

"दिसला."

"आणि बोलला नाहीत?"

"नाही. मनात म्हटलं, फुटू दे. इब्राहिमला कळू दे कोट्यातला इंजिनिअर काय सांगत होता ते." ते बोलत होते आणि आवाज अहवाल वाचावा तसा सपाट होता. "मला वाटलं, चाक वाकडं होईल, पाव पडतील, तुमची शोभा होईल. उतार माझ्या डोक्यात आला नाही. गंजाचं काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात उतार आला नाही..."

मी उठलो. माझ्या हातात पाना होता, तो मी खाली ठेवला, कारण ठेवला नसता तर काय केलं असतं सांगता येत नाही. "आणि वर तुम्ही माझ्याविरुद्ध कागद लिहिलात? सूचना दिली होती म्हणून? ती सकाळ का नाही लिहिलीत त्यात?"

"नाही लिहिली," ते म्हणाले. "भीती वाटली."

"मग आज कशाला आलात? माफी मागायला?"

"तुमची? नाही." पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात धार आली. "तुम्ही मला जे बोललात ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. त्यासाठी तुमचं दुकान गेलं याचं मला आजही दुःख नाही. पण कुंजूनं मला काय केलं होतं? मागच्या महिन्यात मी त्याच्या गावी जाऊन आलो. त्याला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, इब्राहिमभाईला हे माहीत आहे का. म्हणून आलो."

मी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, इब्राहिमभाई तर म्हणाले होते, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं."

 बाहेर कुणीतरी पंपानं हवा भरत होतं. म्हणजे आता कुंजूला माझंही खोटं कळलं होतं, आणि ते या माणसाच्या खरं बोलण्यामुळे कळलं होतं. स्वतःचं मन हलकं करायला गेला आणि माझं झाकलेलं उघडं करून आला! मी म्हणालो, "चालते व्हा इथून." ते उठले, स्टूल जिथून घेतलं होतं तिथं नेऊन ठेवलं आणि गेले. त्यानंतर आमची भेट नाही, फोन नाही. ते अझैब्याला, मी सहमला, मध्ये गाडीनं दोन तासांचा सरळ रस्ता.

लोक लिहितील की तायडेसाहेब प्रामाणिक होते. होते. पण त्यांचा प्रामाणिकपणा उशिरा यायचा आणि आला की दुसऱ्याच्या अंगावर यायचा. हुशार होते, आणि त्या हुशारीला माणसांसमोर कधी थांबायचं ते कळत नव्हतं. मी त्यांना जे बोललो ते नीच होतं. हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणायला माझ्याकडे इतकी वर्षं होती, दोन तासांचा रस्ता होता, गेलो नाही. आता कागदावर लिहून मोकळा झालो असं मी मानत नाही. मेलेल्या माणसाची माफी मागणं सोपं असतं, तो नाही म्हणू शकत नाही. कुंजूला मात्र मी स्नेहाच्या फोननंतर फोन केला. त्यानं ओळखलं, तब्येत विचारली, मुलींची लग्नं झाल्याचं सांगितलं. मी म्हटलं, "कुंजू, मुझे बताया गया था. मैंने नहीं सुना."  तो म्हणाला, "मालूम है भाई." आणि फोन ठेवला. रागानं ठेवला की नाही, ते मला कळलं नाही. विचारायला पुन्हा फोन केला नाही.

गेल्या आठवड्यात सहमला पाऊस झाला. सकाळी दुकान उघडलं तर समोरून शफीक चालला होता, पलीकडच्या मळ्यातला बांगलादेशी माळी. हा माणूस माझ्याकडे येत नाही. दोन वर्षांपूर्वी आमची कशावरून तरी जुंपली होती, तेव्हापासून तो मशिदीपलीकडच्या दुकानात जातो आणि माझ्यासमोरून जाताना मान फिरवतो. मागे टोमॅटोच्या दोन पेट्या बांधलेल्या, चाकं चिखलानं माखलेली, आणि पुढच्या ब्रेकमधून करकर असा आवाज. तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो. क्षणभर मनात आलं, जाऊ दे. त्याचा दुकानदार बघेल. त्या विचाराची मला लाज वाटली नाही, मला भीती वाटली. मी पायात चप्पल न घालता रस्त्यावर गेलो आणि त्याचं हँडल धरलं.

"क्या है?" तो ओरडला. "छोड़ो! तुम्हारे पास नहीं आने का मेरे को."

"मत आ," मी म्हटलं. "उसी के पास जा. लेकिन पैदल जा."

त्यानं शिवी दिली. मीही दिली. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, पेट्यांतले दोन टोमॅटो खाली पडून फुटले, शेवटी तो खाली उतरला आणि शिव्या देत, सायकल हातानं ढकलत मशिदीकडे चालायला लागला. तो वळणाआड जाईपर्यंत मी चिखलात अनवाणी उभा होतो, मध्येच पुन्हा सायकलवर बसतो की काय ते बघत.